चिडलेल्या मुलीचं चित्र

मला स्वस्थ बसता येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण लेकीच्या शाळेचं एक रात्र मुक्कामाचं शिबिर मुरबाडकडे जाणार असं कळलं, तेव्हापासून मी नुसत्या येरझारा घालत होते. लेक आठवीत आहे. तिला लहानपणापासून डायबेटिस आहे. रोज इन्सुलिन टोचायचं, आणि शुगर मध्येच उतरत नाही ना यावर डोळा ठेवायचा. शाळेने आधी सरळ नाही म्हटलं. मग तिच्या वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, सोबत येणाऱ्या शिक्षकांना समजेल असा एखादा छोटा व्हिडिओ करून द्या, पुढचं मी बघते. लेक हात धुऊन माझ्या मागे लागली. तिला काहीही करून जायचंच होतं.

काम माझ्याच धंद्यातलं होतं. माजिवड्याच्या आमच्या ऑफिसात आम्ही कंपन्यांसाठी प्रशिक्षणाचे व्हिडिओ बनवतो. आग लागली तर काय करायचं, जड खोकं कसं उचलायचं, असले. शूटिंगच्या आधी प्रसंगांची चित्रं चौकटींत मांडून घ्यावी लागतात, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. पूर्वी ती चित्रकार काढायचा, आता आपण वाक्य लिहायचं आणि एआय चित्र काढून देतं. जड खोक्यांच्या बाबतीत तर माझा हात कोणी धरणार नाही.

रविवारी सकाळी कोपरीच्या घरात जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला. लिहिलं, शाळेतली मुलगी, शुगर उतरली आहे. चित्रात एक गोरीपान मुलगी केस उडवत बाईंच्या हातांत कोसळत होती आणि मागे अख्खा वर्ग तोंडावर हात ठेवून उभा होता. मी लिहिलं, बेशुद्ध पडायला नको. पुढच्या चित्रात तिचे केस आखूड झाले, गणवेश बदलला, पण कोसळायची हौस काही फिटेना. मला रागच आला. माझी मुलगी कधी अशी पडलेली नाही. शुगर उतरली की ती आधी भांडते. मला काही झालेलं नाही म्हणते, वही आपटते, पुढे केलेला ज्यूस ढकलून देते. नवख्या माणसाला वाटेल, काय आगाऊ कार्टी आहे. तो तिला शिक्षा म्हणून कोपऱ्यात बसवेल, आणि तिथे ती खरंच कोसळेल. मला हीच भीती खात होती.

म्हणून मी आखणीच बदलली. आधी मुलगी चिडलेली दिसते. बाई तिच्यावर ओरडत नाहीत, तिच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन शुगर तपासतात, मग ग्लुकोज देतात आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासतात. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'ही चिडली की शुगर तपासा.' चौकटी भराभर जमल्या. मी स्वतःवर खूश झाले, जे फार क्वचित घडतं.

लेकीला बोलावून दाखवलं. तिने सगळ्या चौकटी एकदा खालपर्यंत बघितल्या, मग पुन्हा वर गेली.

"आणि मी खरंच चिडलेली असेन तर?"

मी म्हटलं, शिबिरात चिडण्यासारखं काय असणार आहे. झालं, तिचा आवाज चढला. कोणी तिची वस्तू घेतली, कोणी सुयांवरून चिडवलं, तरी सगळे तिचं ऐकायचं सोडून शुगर तपासायच्या मशीनकडे बघत बसणार, आणि हे त्यांना शिकवून पाठवणार कोण, तर मी, तिची आई. बोलता बोलता तिचे ओठ थरथरायला लागले. तिने माउस आपटला. आणि मी, देवाशप्पथ, जराही विचार न करता म्हणाले, "आधी शुगर बघ."

ती आत गेली, मशीन घेऊन आली, माझ्यासमोर बोट टोचलं आणि मशीन माझ्या पुढ्यात सरकवलं. शुगर अगदी व्यवस्थित होती.

"आता?" तिने विचारलं.

आजवर हिच्या किती रागांना मी ग्लुकोज पाजलं असेल, कुणास ठाऊक. मी उठून स्वयंपाकघरात गेले, उगाच गॅसचा नॉब बघितला, परत आले. ती तिथेच बसून होती.

मग आम्ही दोघींनी मिळून ते पुन्हा मांडलं. शुगर तपासायची हे तिनेही मान्य केलं. पण ती बरोबर असेल तर पुढे एक चौकट हवी, ज्यात बाई तिच्या शेजारी बसून काय झालं ते विचारतात. एआयने लगेच बाईंचा हात मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि दोघींना हसवलं.

लेक म्हणाली, "मी एवढ्यात हसत नसते."

कितीतरी वेळा लिहिल्यावर एक चित्र आलं, ज्यात मुलीचा चेहरा तसाच फुगलेला होता आणि बाई नुसत्या शेजारी बसल्या होत्या. तेच तिने ठेवायला लावलं.

त्या चौकटींवरून वर्गाच्या बाईंनी शाळेतच मोबाइलवर शूटिंग उरकलं. बाकीच्या शिक्षकांनी व्हिडिओ बघितला आणि परवानगी मिळाली. मुलांपैकी फक्त तिलाच फोन न्यायची मुभा होती, तब्येतीसाठी म्हणून. शनिवारी बस गेली. नवरा म्हणाला, आता तरी बस जरा. मी कपाटं आवरली, खोपटपर्यंत उगाच चालत जाऊन आले, आणि एवढं करून फोन काही हातातून खाली ठेवला नाही.

संध्याकाळी शिबिरातून वर्गाच्या बाईंचा फोन आला.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "ती खूप चिडली होती, म्हणून शुगर तपासली. बरोबर आहे."

मी मटकन खाली बसले आणि त्यांचे आभार मानायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मग शेजारी बसून विचारलं, काय झालं. ती म्हणते, आई सारखी फोन करते."

नवरा समोरच उभा होता, त्याला काही विचारायची गरज पडली नाही. मी बाईंना म्हटलं, तिला सांगा, आता नाही करणार. पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. मग बाई म्हणाल्या, ती इथेच आहे, तिने ऐकलंय, पण तिचा विश्वास बसत नाहीये.