पाखरं हाकलणारा हात

जनाबाईंचा उजवा हात चाळीस वर्षं पाखरं हाकलण्यात गेला. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात त्या ओट्यावर जवळा वाळत घालायच्या आणि काठी घेऊन राखणीला बसायच्या. कावळा दिसला की हात वर जायचा आणि तोंडातून ‘हाऽऽ हा!’ निघायचं. मुलाच्या, देवेशच्या लग्नात अक्षता पडत असताना शेजारच्या पत्र्यावर कावळा येऊन बसला, तेव्हाही वरमाईचा हात भर मांडवात वर गेला होता म्हणे.

आणि याच बाई गेल्या डिसेंबरात डोंबिवलीत माझ्या दारात उभ्या राहून विचारत होत्या, “साईनाथभाऊ, मना सांगा, खिडकीशी पाखरां येवाला काय करायचा?”

मी खोपटच्या एसटी डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे तीस वर्षं लोकांना सांगितल्यामुळे विचारलं-न विचारलं तरी सांगत सुटायची खोड लागली आहे. निवृत्तीनंतर दुर्बीण घेतली, पक्ष्यांची दोन पुस्तकं घेतली आणि सोसायटीतला पक्षितज्ज्ञ झालो. म्हणजे मीच मला नेमून घेतलं. माझा सल्ला मागायला कुणी आपणहून आलं होतं ते पहिल्यांदाच, त्यामुळे मी जनाबाईंना आधी खुर्ची दिली आणि मग कारण विचारलं.

कारण त्यांच्या घरात खाटेवर होतं. त्यांचे यजमान, विठ्ठल नाखवा. जूनमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. कोळीवाड्यातल्या घराचा जिना शिडीसारखा उभा, म्हणून देवेशने दोघांना आपल्या तळमजल्याच्या घरी आणलं, माझ्या शेजारी. डॉक्टरांचं म्हणणं होतं की वाचा परत येऊ शकते, पण नाखवांनी स्वतः जोर लावला पाहिजे, आणि तोही या काही महिन्यांतच. उशीर झाला तर जीभ जड राहील ती कायमची. नाखवा जोर लावायला तयार नव्हते. सहा महिन्यांत एक शब्द नाही. खिडकीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून ते पडून असायचे.

“खाडीवर पाखरांशिवाय यांचा पान हलत नसे,” जनाबाई म्हणाल्या. “कुरव पाखरां पान्यावर कुठं बसलीत ते बघायचं आनि तिकडं होडी घालायची. पाखरांनी दाखवलेली मासळी आनायचे हे, आनि ती वालवताना त्याच पाखरांना हाकलायची मी. त्यावरून रोज भांडन आमचा. एक तरी पाखरू खिडकीत आला, तर तोंड वलवतील.”

मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं, आणि मी लगेच सूचनांचा पाऊस पाडला. खिडकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये सहा फुटांची मातीची पट्टी होती. तिथे एक जास्वंद, एक कढीपत्ता. फांद्यांना नारळाच्या करवंट्या टांगा, त्यात बाजरी आणि तांदळाची कणी घाला, खाली पसरट भांड्यात पाणी ठेवा. “आणि एक लक्षात ठेवा,” मी बजावलं, “कावळे-कबुतरं येऊ द्यायची नाहीत. ती आली की लहान पाखरं फिरकत नाहीत, आणि कबुतरांवरून आपली सोसायटी आधीच तापलेली आहे.”

“त्याची काळजी तुमी नका करू,” जनाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं तयार होतं. जाळ्याच्या सुतलीने टांगलेल्या चार करवंट्या, पितळेच्या परातीत पाणी, आणि मध्ये एक बांबू रोवून त्याच्या टोकाला फडफडणारी काळी पिशवी. तिच्याबद्दल मी विचारलं नाही. दृष्ट लागू नये म्हणून बांधली असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. न विचारता ठरवणं हीही डेपोतलीच खोड.

एक आठवडा गेला, दोन गेले. कावळा नाही, कबुतर नाही, आणि चिमणीही नाही. पलीकडच्या गुलमोहरावर साळुंक्यांचा गोंधळ चालायचा, पण आमच्या बागेत शुकशुकाट. जनाबाई रोज बाजरी बदलायच्या, परात घासायच्या, नाखवांच्या पाठीला सांगायच्या, “आज येतील हं.” मला खरं तर त्यांच्या नजरेला नजर देणं जड जायला लागलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी त्यांच्या घरी चहा घेत बसलो होतो आणि माझी व्याख्यानमाला चालू होती. मांजरांचा वावर असेल. कंपन्यांकडून येणारा रसायनांचा वास असेल. बाजरी जाड पडली असेल, राळं आणून बघू. जनाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “ऱ्हाव दे भाऊ. जन्मभर हाकलली त्यांना. आता मी बोलवल्यावर कशाला येतील ती?” आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात खाटेवर धप् असा आवाज झाला. नाखवांचा डावा हात गादीवर आपटला होता. पुन्हा आपटला. मान थरथरत वळली, चेहरा रागाने लाल झालेला, ओठ एका बाजूला ओढलेले.

“ये... येडे,” ते म्हणाले. “का... काळं. काढ.”

त्यांचं बोट खिडकीबाहेरच्या बांबूकडे होतं.

जनाबाईंनी बांबूकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. ओट्यावर जवळा वाळत घातला की कडेला बांबू रोवून काळी पिशवी बांधायची, कोळीवाड्यातली रीतच ती. मेलेला कावळा टांगलाय असं वाटून पाखरं लांब राहतात. कावळे-कबुतरं नकोत असं मी म्हटलं, आणि त्यांना येत होता तो उपाय त्यांनी केला. एका हाताने बोलावलं, दुसऱ्या हाताने हाकललं, आणि पक्षितज्ज्ञ शेजारी बसून बाजरीला नावं ठेवत होता.

त्या रडता रडता हसायला लागल्या. “सहा म्हैन्यांनी तोंड उघडला, आनि पयली मना शिवी!”

मी पिशवी काढायला बाहेर गेलो. खरं म्हणजे मला तोंड लपवायचं होतं. बांबू उपटताना एक गोष्ट मनात आली. नाखवांना पिशवी दिसली, म्हणजे आमची पाठ वळली की ते खिडकीकडे बघत होते. बायकोने करवंट्या टांगल्या, रोज परात घासली, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. भिंतीकडे तोंड असायचं ते फक्त आमच्यासमोर.

पुढचे चार दिवस आम्ही तिघं खिडकीशी बसलो. नाखवांची खाट आता वळवून लावलेली, जनाबाई उशाशी, मी दुर्बीण घेऊन मागे. पाचव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला परातीच्या काठावर पहिलं पाखरू उतरलं. ना दयाळ, ना बुलबुल. एक दांडगा कावळा. त्याने मान वाकडी करून आत पाहिलं आणि पाण्यात चोच बुडवली.

जनाबाईंचा हात वर गेला. त्यांना कळायच्या आत गेला, ‘हाऽ’ अर्धं तोंडातून निघालंही. नाखवांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

“पिव दे,” ते म्हणाले. शब्द जड होते, पण स्पष्ट होते.

कावळा पाणी प्यायला, त्याने करवंटीतली कणी सांडली, पंख झटकले आणि तो सावकाश उडून गेला. मनगट मात्र नाखवांनी सोडलं नाही.