मास्तरच्या पेटीतली मुकी पट्टी

देशमुखाच्या गड्यानं भरलेली घागर उचलली आन् मास्तरच्या पेटीवर वतली. माझ्या डोळ्यांदेखत. सावकाश, वरून, देवाला आंघोळ घालावी तशी.

मी दहा वर्साची आसंल. देवळापासून लांब, लिंबाच्या बुडाला आमी दोघं उभे होतो, मी आन् मास्तर. पेटी मधी मातीत ठिवलेली. गावात सप्ता बसला होता. शेवटच्या दिवशी जिंतूरहून तहसीलदार साहेब कीर्तनाला येणार होते, आन् गाववाल्यांच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता. मंग त्यायला आठवलं, मांगवाड्यात एक पेटी हाय. सकाळीच गडी येऊन सांगून गेला होता, "पेटी आणून द्या. माणूस नको, निसती पेटी."

मास्तर हात जोडून म्हणाले, "सरकार, शिंपडा. वतू नका. आत लाकडाच्या पट्ट्या हायेत, पितळेचे सूर हायेत. पाणी गेलं तर बसंल ती."

देशमुख देवळाच्या पायरीवर उभे होते. तोंडात पान. म्हणाले, "शिंपडून काय होतंय? लाकडात विटाळ मुरतो. वत रे."

दुसरी घागर बी वतली. मंग पेटी उचलून आत नेली. आमी लिंबाखालीच बसून राहिलो. आतून दोन अभंग झाल्याचं ऐकू आलं, मंग पेटी अडकायला लागली. एक सूर चिकटला, दुसरा भलताच वाजला, मंग सगळंच बंद. दिवस मावळायच्या आत गड्यानं पेटी आणून आमच्या पुढ्यात टाकली. "सायबापुढं इज्जत घालवली तुमच्या पेटीनं," म्हणला. पेटीतून पाणी गळत होतं. मास्तरनी डोक्याचं पागोटं सोडलं, पेटी पुसली आन् खांद्यावर घेतली. आन् वाड्याची वाट धरली.

मला त्या दिवशी देशमुखाचा राग आला न्हाई. खरं सांगते. मला मास्तरचा राग आला, त्यांनी हात जोडले म्हणून.

मास्तर आमच्याच वाड्यातले. तरणेपणी पूर्णेला गेले, स्टेशनावर हमाली केली. तिथं रेल्वेच्या चाळीमागं एक म्हातारे उस्ताद राहायचे, कव्वालीत पेटी वाजवायचे. हमाली करून मास्तर त्यांच्याकडं जायचे, त्यांचं पाणी भरायचे, पाय दाबायचे आन् शिकायचे, पेटी बी, उर्दू लिहायला बी. आठ वर्सं. उस्तादांनी मरताना पेटी मास्तरच्या हवाली केली. बायको पहिल्या बाळंतपणात गेलेली, लेकरू बी गेलेलं. मास्तर पेटी घेऊन गावाकडं परत आले. लोक म्हणले, येडा हाय, रेल्वेची रोजी सोडून मांगवाड्यात आला. ते म्हणायचे, "तिथं हमाल लय हायेत. इथं पोरांचा सूर लावणारं कोण हाय?"

आमच्या वाड्यात वाजवणं नवं न्हवतं. माझा बा हलगी वाजवायचा, चुलता सनई. गावात लगीन आसो का जत्रा, आमच्या वाजवण्याबिगर सुरू व्हायची न्हाई. पण मांडवाच्या बाहेर उभं राहून. वाकून. मास्तरनी आमाला पहिलं गाणं शिकवलंच न्हाई. पहिलं बसायला शिकवलं. "पाठ ताठ," म्हणायचे. "वाकलेल्या माणसाचा दम पुरत न्हाई." महिनाभर आमी निसते बसायचो. माझी माय हसायची, म्हणायची, बसायची तालीम चाललीय यायची.

दिवेलागणीला बैठक. आधी अक्षरं, मंग सूर. बाकीचा दिवस मास्तर वाड्याचे. कुणाचं पोर तापलं तर खांद्यावर घालून बोरीच्या दवाखान्यात न्यायचे. कुणावर जुलूम झाला तर निजामाच्या कचेरीसाठी उर्दूत अर्ज लिहून द्यायचे, तालुक्याला चालत जायचे. नाल्यातला झिरा, जिथं आमी पाणी भरायचो, तो दर पंधरा दिवसाला उपसून काढायचे. कुणी सांगितलं न्हाई, कुणी मागितलं न्हाई. सवयच होती ती त्यांची.

पेटी भिजली तवा मास्तरनी ती सगळी खोलली. पट्ट्या, स्प्रिंगा, सूर, एकेक धोतरावर मांडून सावलीत वाळवलं. कितीतरी दिवस बैठक बंद. वाळल्यावर पट्ट्या कानशीनं घासल्या. पितळेला हिरवं चढलं होतं, ते पात्यानं खरवडलं. सगळे सूर एकेक करून परत बोलायला लागले. मधली काळी चार, म्हणजे चवथी काळी पट्टी, तेवढी राहिली. तिचा सूर खरवडताना त्याची पितळी जीभ चिरली. मास्तरच्या हातून. मी शेजारीच होते. टच्च आसा बारीक आवाज झाला आन् मास्तरनी हातातलं पातं खाली ठिवलं.

वाड्यात सगळ्यांना सांगितलं, "माझ्या हातानं गेली."

मी भांडले. म्हणलं, "खोटं बोलायलात मास्तर. त्यांनी पाणी वतलं म्हणून गेली. तुमी का आपल्यावर घ्यायलात?"

म्हणाले, "बाई, संताप करीत बसलो तर तुमाला शिकवू कवा?"

मी तोंड फिरवून बसले. मंग मला जवळ बोलावलं. "काळी चार गेली," म्हणाले. "आता ती तू म्हणायची."

आन् तसंच चाललं. मास्तर काळी एकमधी सा धरायचे, म्हणून काळी चार म्हणजे पंचम. गाण्यात घडीघडीला यायचा. मास्तर पट्टी दाबायचे, आतून निसती हवा यायची, आन् तिथं मी गळ्यातून सूर लावायची. पुढं सगळीच पोरं लावायला लागली. परका कुणी ऐकत आसंल तर त्याला कळायचं बी न्हाई पेटीत काय न्हाई ते. मास्तर खूश व्हायचे. मला मातर दर वेळी ती घागर दिसायची.

मंग पटकीचं साल आलं. मी पंधरा वर्साची. उन्हाळा. गावात दोन मय्यती झाल्या आन् गाव उठून रानात गेलं, आपापल्या मळ्यात, आखाड्यावरच्या खोपीत. आमाला कुठलं रान? आमी वाड्यातच. मास्तरनी पोरांना गोळा केलं आन् चालीवर दोन ओळी बसवल्या, झिऱ्याचं पाणी उकळून प्या, शिळं कुणी खाऊ नका. ते आमी दारोदार म्हणत फिरायचो. मला लाज वाटायची, पण लोक उकळायला लागले. ज्यांच्या घरात कुणी उठायचं न्हाई, त्यांच्या घरात मास्तर जायचे. घाण काढायचे, पाणी पाजायचे, मेलं तर खड्डा खांदायचे. सात खड्डे त्यांनी एकट्यानं खांदले.

आठव्या दिवशी मास्तर पडले.

मी आन् माय त्यांच्या उशाला. सकाळपासून अंगातलं पाणी जायलं होतं, डोळे आत गेले होते. घरातली घागर रिती. झिरा पार आटला होता, खाली निसता चिखल. मास्तर एवढंच म्हणाले, "बाई, आडाचं आण."

मी घागर घेऊन पळत गेले. गावचा आड. आमाला आडावर चढायची मनाई. खाली एक धोंडा होता, त्याच्यावर घागर ठिवून बाजूला व्हायचं. गावची बाई पाणी शेंदायला आली की वरून आमच्या घागरीत वाढायची. मर्जी झाली तर. लहानपणापासून मी तसंच पाणी आणलं होतं, झिरा आटला की.

मी धोंड्यावर घागर ठिवली आन् बाजूला उभी राहिले.

कुणी आलं न्हाई. येणार कुठून? गाव रानात. घरांना कड्या. मला ठावं होतं, गावात कुणी न्हाई. तरी मी उभी. एकदा हाक मारली, "पाणी वाढा वं माय कुणीतरी." रिकाम्या गावाला. आडाच्या काठावर दोर होता, पोहरा होता. वर जायला तीन पायऱ्या. मला पोहरा दिसत होता. मास्तर तिकडं तडफडायलेत हे बी दिसत होतं. पाय उचलला न्हाई. कुणी मारणारं न्हवतं, कुणी बघणारं न्हवतं, आन् मी बाजूला उभी, घागरीपासून चार हात लांब, शिकवल्यासारखी.

ऊन डोक्यावरून पाठीवर आलं. तवा एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन चालला होता, तो थांबला. माझ्याकडं बघितलं, आडाकडं बघितलं.

"पोरी, कुणाची वाट बघायलीस?"

"पाणी वाढणाऱ्याची."

"गाव तर कवाच उठलं," म्हणला. "दोर हाय, पोहरा हाय, तू हायस. आजून कोण पायजे तुला?"

तो वर गेला, पोहरा सोडला, माझी घागर भरून दिली आन् मेंढरामागं गेला. मी पळत आले. अर्धी घागर अंगावर सांडली. दारात आले तर मायनं मास्तरच्या तोंडावर धोतर वढलं होतं.

आताच गेले, माय म्हणली. पाणी पाणी करीत गेले.

मी रडले न्हाई. रडू आलंच न्हाई. जी घागर हातात होती ती खाली ठिवली. ज्यांनी पेटीवर दोन घागरी वतल्या त्यांच्या आडाचं एक घोट पाणी माझ्या मास्तरला मिळालं न्हाई. आन् ते आडवायला तिथं कुणीच न्हवतं. त्यांना आता उभं राहून आडवायची गरजच न्हवती. माझ्याच पायात ते उभे होते.

मय्यतीला आंघोळ घालायला पाणी पुरंना. माय म्हणली, जाऊ दे, तोंड पुसू. मी म्हणलं, न्हाई. घागर घेतली. आडावर गेले, तीन पायऱ्या चढले, पोहरा सोडला. दोर पहिल्यांदाच धरला होता, तळहात सोलले. तीन खेपा केल्या. मास्तरला आडाच्या पाण्यानं आंघोळ घातली, डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश. जित्या माणसाला एक वाटी लागत होती. मेल्यावर मी त्याला तीन घागरी घातल्या. ह्याचं दुःख आजून गेलं न्हाई. जाणार बी न्हाई.

बिमारी सरली, गाव परत आलं. कुणीतरी बघितलं होतं. चावडीत बोलावणं आलं. देशमुख बाजेवर, आमी खाली उन्हात.

"आडावर कोण चढलं?"

बा हात जोडून वाकला. "लेकरू हाय सरकार. गल्ती झाली."

मी ताठ उभी होते. पाठ आपोआप ताठ झाली होती. म्हणलं, "गल्ती झालीच. दुपारीच चढायला पायजे होतं. उशीर केला, ती गल्ती."

मंग बाला कोरड्याचे फटके बसले, माझ्यासमोर. त्या सुगीला आमचं बलुतं बंद. बा वर्सभर माझ्याशी बोलला न्हाई. पुढं बोलला तवा एवढंच म्हणला, "मास्तरनं तुला बसायला शिकवलं तवाच वळखायला पायजे होतं."

मास्तरची पेटी माझ्याकडं आली. दिवेलागणीची बैठक मी मोडू दिली न्हाई.

निजामाचा अंमल गेला तवा गावात झेंडा लावायचं ठरलं. चावडीपुढं मांडव, पताका, गाणी. पेटीवर घागर वतणारा तोच गडी, आता म्हातारा झालेला, आमच्या दारात आला. "पेटी द्या," म्हणला. "आनंदाचा दिस हाय."

मी विचारलं, "पाणी वतणार का?"

त्यानं खाली बघितलं. "न्हाई न्हाई. आता वतत न्हाईत. जराशी शिंपडतील."

मी म्हणलं, "जाऊन सांगा. पेटी एकटी येणार न्हाई. पेटीसंगं मी येणार, पोरं येणार, मांडवात सतरंजीवर बसणार. एक थेंब बी शिंपडायचा न्हाई. जमत आसंल तर बोलवा."

बोलावणं आलं न्हाई. आमी आमच्या वाड्यात झेंडा लावला. मी काळी एक धरली. पंचमावर आले तवा पट्टी दाबली, हवा आली, आन् सगळा वाडा तो सूर म्हणला. बा बी म्हणला. मास्तर तेवढे न्हवते. तवा मला रडू आलं, त्या आडापासून अडकलेलं.

पुढं परभणीचा एक पेटी दुरुस्त करणारा आला होता. म्हणला, बाई, नवा सूर बसवून देतो, घडीभराचं काम हाय. मी नको म्हणलं. ती तशीच राहणार. नवं पोर शिकायला येतं, पट्टी दाबतं, विचारतं, ही का वाजत न्हाई? मंग मी सांगते. देशमुखाची घागर सांगते, आन् माझं उभं राहणं बी सांगते, रिकाम्या गावात, भरल्या आडापाशी. ते लपवत न्हाई. लाज वाटते, तरी सांगते. सांगून झालं की म्हणते, आता पाठ ताठ कर आन् तो सूर तू लाव. कुणी वाढायची वाट बघू नको.

मी एकदा बघितली. परत बघणार न्हाई.