बाटली भरणाऱ्याचं नाव

अमेरिकेत शॉमबर्गजवळ पाणी तपासायच्या लॅबमध्ये मी कामाला होते. २००५ साली ती माझ्या शेजारच्या टेबलावर आली. सर्बियातल्या एका खाणीच्या गावात ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. नदीचा रंग बदलला तेव्हा पालकांना घेऊन नगरपालिकेच्या दारात बसली आणि पुढच्या निवडणुकीत पर्यावरणवाल्यांच्या लहानशा पक्षाकडून नगरसेविका झाली. मग शाळेतली नोकरी गेली. दोन वर्षांनी परत जाऊन संसदेला उभं राहायचं, हे तिने पहिल्याच दिवशी डबा खाताना सांगून टाकलं.

"मग इथे कशाला आलीस?"

"मी बोलले की म्हणतात, बाई भडक आहे. लॅबचं मशीन भडक नसतं."

माझा मुलगा तिला मावशी म्हणायचा आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलायचा. "मावशी म्हणजे आईची बहीण ना? मग बहिणीचा वाटा काढा," असं म्हणून ती आमच्या लोणच्याची बरणी उचलून न्यायची.

त्यांचा नाताळ जानेवारीत असतो. त्यासाठी ती घरी जाऊन आली, तेव्हा बॅगेत स्वेटरांत गुंडाळलेल्या सहा बाटल्या होत्या. खाणीच्या गाळाच्या तळ्यातून झिरपणारं पाणी. तिच्या धाकट्या भावाने ते डिसेंबरातच भरून ठेवलं होतं. तो त्याच खाणीत इलेक्ट्रिशियन होता. तपासायला मॅनेजरने हो म्हटलं, अट एकच: कागद पूर्ण हवेत.

आमच्याकडे प्रत्येक बाटलीबरोबर एक फॉर्म फिरतो. पाणी कोणी भरलं, कुठे, कधी, पुढे कोणाच्या हातात दिलं. एक सही कमी असली तरी निकाल बाद. पहिल्याच ओळीवर ती थांबली.

"इथे माझं नाव घालते."

"तू भरलंस?"

"नाही."

"मग खोटं लिहू नकोस. त्या तारखेला तू माझ्यासमोर बसली होतीस. पहिल्याच प्रश्नात पकडतील."

"फार कडक आहेस गं तू," ती म्हणाली. तिने भावाचं नाव लिहिलं. त्याची सही फॅक्सने आली.

पाण्यात भरपूर आर्सेनिक निघालं.

२००७ च्या अखेरीस ती परत गेली आणि प्रचाराला लागली. मी बजावलं होतं, निकालाचं पान तेवढं दाखव. पण फॉर्मशिवाय निकालाला अर्थ नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. तिने सगळे कागद वर्तमानपत्राला दिले.

महिन्याभरात भावाची बदली झाली. गाळाच्या तळ्यावर, एकट्याची.

"इलेक्ट्रिशियनचं तिथे काय काम?" मी फोनवर विचारलं.

"काही नाही. आणि त्याच्या घरासमोर एक गाडी उभी असते. आतली माणसं त्याच्या मुलींना नावाने हाक मारतात."

मग खाणीच्या वकिलाचं पत्र लॅबला आलं. फॉर्मवरचं नाव आणि सही खरी आहे का, लेखी कळवा. नाहीतर रिपोर्ट बनावट समजू. मी तिला फोन लावला. भाऊ शेजारीच होता. मोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "लिहा मॅडम. नाव माझंच आहे. नाही म्हटलं तर तिची निवडणूक गेली, आणि पाणी आहे तसंच." मी दोन ओळी टाइप केल्या, मॅनेजरची सही घेतली आणि जेवणाच्या सुट्टीआधी फॅक्स केला.

ती निवडून आली. मी अभिनंदनाला फोन केला तर तिने मला बोलूच दिलं नाही.

"तो कालपासून घरी आलेला नाही. मी राजधानीत आहे, माझे कागद गावी राहिलेत. त्याने पाणी भरलं ती जागा फॉर्मवर काय लिहिली आहे? नेमकी कुठली?"

मी फाइल काढली. "उत्तरेकडचा बांध. जुन्या पंपाच्या खाली."

पलीकडे ती कोणाला तरी तिच्या भाषेत तेच सांगत होती. पंप हा शब्द मला कळला. मग ती मला म्हणाली, "तिथे शोधायला माणसं पाठवते," आणि फोन ठेवला.