डावीकडची काच

बायजाचा आपल्या माडावर फार विश्वास. लग्नाच्या वर्षी नवऱ्यानं, कोंडाजीनं, दारात लावलेला तो माड. चक्रीवादळात मोहाच्या वाडीतली अर्धी झाडं आडवी झाली, कौलं उडून शेतात पडली, पण हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. तेव्हापासून ती त्याला घरातलं माणूसच समजायची. माडाला डोळे असतात, तो आपल्या माणसावर नारळ टाकत नाही, हे तर वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. दिवेआगरला निघालेले पर्यटक सावली बघून तिथं गाडी लावायला लागले, की बायजा हातातलं काम टाकून धावायची. "काढा, काढा! नारळ पडंल!" तिची स्वतःची पांढरी व्हॅन मात्र बारा महिने त्याच माडाखाली. आपली गाडी कुठली आणि परक्याची कुठली, एवढं माडाला कळत नाही की काय?

माघातल्या एका सकाळी नारळ पडला, तो नेमका तिच्या व्हॅनच्या पुढच्या काचेवर.

बाजाराचा दिवस. म्हसळ्याला जाणाऱ्या बायका पिशव्या घेऊन अंगणात उभ्या होत्या. आवाज ऐकून सगळ्याच दचकल्या. काच डाव्या बाजूनं पार तडकली होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी, पण खाली एक तुकडा पडला नव्हता. बायजानं वर माडाकडे पाहिलं, दोन शब्द सुनावले, आणि म्हणाली, "बसा. माझ्या बाजूचं दिसतंय. सावकाश नेते."

ही गाडी चालवणं ही बायजाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी ऐट. कोंडाजी करोनात पनवेलच्या दवाखान्यात वारला. त्याचं जाणं तिला फोनवरच कळलं. पुढे मुलानं, कुलदीपनं, नवी गाडी घेतली आणि ही जुनी आईला आणून दिली. एसटीचा थांबा लांब, बाप नाही, आईनं अडून राहू नये म्हणून. "आई, गाडीला ओरखडासुद्धा नाही," तो म्हणाला होता. पन्नाशी उलटलेली बायजा शिकली. शिकताना जावेचं कुंपण मोडलं, देवळाच्या कट्ट्याची कड उडवली, पण शिकली. आता वाडीतल्या बाळंतिणी, तापकरी पोरं, बाजारच्या बायका, सगळे तिच्याच गाडीतून. बायका उतरताना दारं अशी धाडकन आपटायच्या की बायजा दर वेळी ओरडायची, आणि दर वेळी त्या आपटायच्याच.

मुलाचा तिला अभिमान. सुनेचं, क्रांतीचं, मात्र नाव काढलं की तिचं तोंड वाकडं व्हायचं. त्याला कारण होतं तो शिमगा.

कोंडाजीला जाऊन वर्ष उलटलं होतं. आधल्या वर्षी दुखवटा म्हणून पालखी दारावरून पुढे गेलेली. त्यामुळे या वेळी देव पुन्हा घरी यायचा होता, आणि बापाच्या जागी कुलदीपनं पालखीला खांदा द्यायचा होता. बायजानं अंगण सारवलं, ओटीचं ताट भरून ठेवलं. संध्याकाळी कुलदीपचा फोन आला, "आई, रजा रद्द झाली. येता येत नाही." पालखी दारात आली तेव्हा घरातला एकही पुरुष खांद्याला नव्हता. बायजानं एकटीनं ओटी भरली, आणि भरल्या अंगणात, देवाच्या पुढ्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रजाबिजा काय न्हाय. सुनेनं येऊ दिलं न्हाय. मुंबईची ती, तिला आमचा देव कशाला हवा!"

बोललं ते वाडीभर झालं. पुढे क्रांती गणपतीला आली तेव्हा तिच्याही कानावर गेलं असणारच. ती काही बोलली नाही. बायजाला तोही ताठाच वाटला. शिवाय आणखी दोन गोष्टी डोळ्यांत खुपायला लागल्या. क्रांती व्हॅनमध्ये कधी पुढे बसायची नाही, कितीही जागा असली तरी मागे. सासूशेजारी बसायला कमीपणा वाटतो, दुसरं काय? आणि पाण्याची कळशी ती फक्त उजव्या हातानं उचलायची, डावा हात नुसता लावल्यासारखा करायची. "नाजूक हाय आमची सून," बायजा जावेला डोळा घालून सांगायची.

म्हसळ्याला बायकांना बाजारात सोडून बायजा सदाच्या दुकानात गेली. सदा म्हणजे काचा बसवणारा. बोलका माणूस, हातापेक्षा तोंड जास्त चालणारा. त्यानं नवी काच आणवून भिंतीला टेकवली. बायजा तांदूळ पारखावा तशी ती पारखायला लागली. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर तिनं बोट ठेवलं.

"ही आधीच्यासारखी न्हाय वाटत. मला कंपनीतून आली तशीच हवी. नकली नको."

"काकी, नकली नाही. हा बघा आयएसआयचा शिक्का. हे बनवणाऱ्याचं नाव. दोन काचांच्या मधे पातळ पडदा असतो, म्हणून तर तुमची फुटली तरी तुकडे अंगावर आले नाहीत. आणि हा आकडा म्हणजे काच बनली ते साल." मग जुन्या काचेकडे वळून तो सहज म्हणाला, "तशी ही तुमचीही कंपनीतून आलेली नव्हेच. मधे बदललीय."

बायजाचा पारा चढला. "माझ्या लेकानं गाडी फुलासारखी वापरली. ओरखडा न्हाय त्याच्या हातनं."

"मग तुम्हीच वाचा की."

सदानं तिला उजव्या दाराशी नेलं. काचेच्या कोपऱ्यात शिक्का, त्यात सतरा. मागच्या काचेवर सतरा. मागच्या बाजूच्या काचांवरही सतरा, गाडीच्या जन्माचं साल. आणि तडकलेल्या पुढच्या काचेवर बावीस. शेजारी बारीक ठिपके होते. ठिपक्यांवरून महिना काढतात, प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, पण ही काच वर्षाच्या सुरुवातीची, असं सदा म्हणाला. बायजानं तो कोपरा ओल्या फडक्यानं कितीदा पुसला असेल. तिला तो कंपनीचा छाप वाटायचा, साडीच्या काठावर असतो तसा.

"दगड उडाला असंल," ती म्हणाली. "दगडानं बी काच जाते."

"जाते ना," म्हणत सदा गाडीला वळसा घालून डावीकडच्या पुढच्या दाराशी गेला आणि वाकला. "पण इथंही बावीसच आहे."

बायजा त्या दाराशी आली. तिनं चष्मा पुसून पाहिलं. बावीस होतं.

सदानं जुनी काच सोडवायला घेतली. काळा गोंद कापून काच उचलली तेव्हा काचेच्या कडेचा डावा खांब उघडा पडला. तिथं पत्रा ठोकून सरळ केलेला, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला. "कुठंतरी झाडाबिडाला डावी बाजू घातलेली दिसते," सदा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "चालवणारा वाचला असेल. शेजारी कोण होतं कुणास ठाऊक."

शेजारी कोण होतं ते बायजाला ठाऊक होतं. बावीस साल म्हणजे तो शिमगा, तेव्हा गाडी अजून कुलदीपकडेच होती. कुलदीप निघाला असेल तर शेजारच्या सीटवर क्रांतीशिवाय कोण असणार? मागे बसणारी क्रांती तिच्या डोळ्यांसमोर आली, कळशीला नुसता लावलेला डावा हात आला, आणि आपण जावेला घातलेला डोळाही आला. ती दुकानातल्या स्टुलावर बसली. सदानं चहा मागवला, तो तसाच राहिला.

तिनं कुलदीपला नाही, क्रांतीला फोन लावला. आजवर तिनं सुनेला आपणहून फोन केलेला नव्हता.

"आई? काय झालं? बऱ्या आहात ना?" क्रांती घाबरली.

"मी बरी हाय. तुझा डावा हात कसा हाय?"

क्रांतीनं आवाज खाली आणला.

"ह्यांनी सांगितलं?"

"त्यानं काय न्हाय सांगितलं. गाडीची काच बदलतेय म्हसळ्याला. काचेवर साल असतं म्हणं. तुम्ही शिमग्याला निघाला व्हता ना गं?"

"निघालो होतो," क्रांती हळू म्हणाली. "पालखी चुकू नये म्हणून हे घाईत होते. माणगावच्या अलीकडे म्हैस आडवी आली, तिला चुकवताना गाडी डावीकडच्या झाडावर गेली. त्यांना काही झालं नाही. माझ्या खांद्यात सळई घातली. आई, त्यांना बोलू नका. सांगायचं नाही असं मीच म्हटलं. बाबांच्या वेळी तुम्हाला दवाखान्यातूनच फोन आला होता. पुन्हा तसाच फोन नको वाटला मला."

"आणि नंतर? मी काय काय बोलले ते आलं ना तुझ्या कानावर?"

"आलं."

"मग तोंड न्हाय उघडलंस ते?"

"तुमचं मन कुणावर तरी चिडून हलकं होत असेल, तर होऊ दे म्हटलं. नंतर सांगायचं राहूनच गेलं. वाईट वाटायचं, नाही असं नाही."

बायजा रडली. भर दुकानात, सदासमोर, पदर तोंडाला लावून रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. मग नाक पुसून म्हणाली, "यंदा पालखीला ये. ओटी तू भरायची. ताट जड असतं, ते मी धरीन."

दुपारपर्यंत नवी काच बसली. गोंद वरवर सुकला तरी सदानं कडेनं चिकटपट्ट्या ठेवल्या आणि बजावलं, "काकी, गाडी दामटू नका. उद्यापर्यंत खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि दारं आपटू नका. आतली हवा दाबली गेली की नवी काच सुटते. हळू लावायची."

बायका बाजार करून आल्या. जाऊ, सगुणा, नेहमीप्रमाणे पुढे बसली. शिमग्यातली ती गोष्ट वाडीभर पोचवण्यात तिचा हात मोठा होता. बायजानं गाडी सुरू केली नाही.

"त्या शिमग्याला मी अंगणात जे बोलले ना, ते खोटं व्हतं," ती म्हणाली. मग काच, म्हैस, खांदा, सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

"अगं, पण तुला तरी काय ठाऊक व्हतं?" सगुणा तिला सांभाळून घ्यायला गेली.

"ठाऊक नव्हतं, व्हय. पण मी विचारलं कुठं? देवासमोर बोलले, तुमच्यासमोर बोलले, आणि तिला एकदा विचारलं न्हाय. आता तुम्ही ज्याला ज्याला ते सांगितलंत, त्याला त्याला हे बी सांगा."

मग तिनं खिडकी बोटभर खाली केली आणि गाडी काढली. वाडीत पोचल्यावर तिनं व्हॅन माडाखाली नेली नाही, रस्त्याच्या कडेलाच उभी केली, आणि बायकांना दारं आपटू नका म्हणून सांगायला तोंड उघडलं. पण त्याआधीच सगुणा उतरली होती. तिनं पिशवी खाली ठेवली, डावीकडच्या दाराला दोन्ही हात लावले, आणि झोपलेलं पोर घरात असावं तसं ते हळूच लावलं. तिच्यामागून उतरलेल्या बायकांनीही दारं तशीच लावली.