सुनेच्या खापरपणजीचे आईवडील

आमची सून अमेरिकेची. बाळंतपणासाठी नागपूरजवळच्या बेसाच्या आमच्या घरी आली आणि पोटातल्या बाळासाठी वंशवृक्ष काढत बसली, तोही फक्त बायकांचा. आई, आईची आई, असं मागे जाता जाता, दीडशे वर्षांपूर्वीच्या खापरपणजीपाशी घोडं अडलं. त्या बाईचे आईवडील काही केल्या सापडेनात. बाळ यायच्या आत ती चौकट भरायचीच, हा तिचा हट्ट.

माझा जन्म गेला जमिनीच्या नोंदी तपासण्यात. निवृत्त झाले तरी जुना कागद दिसला की हात शिवशिवतात. तिच्या लॅपटॉपवर चर्चचं रजिस्टर होतं, मुलांच्या नामकरणाचं. बाप एकच, पण पहिल्या तीन मुलांच्या आईचं नाव वेगळं आणि शेवटच्या मुलीच्या आईचं वेगळं. ही शेवटची मुलगी म्हणजे सुनेची पणजी. सून म्हणे, लिहिताना पाद्री चुकला असेल.

"चूक कायची वं!" मी उखडलेच. "बाई एकच, नावं दोन. मधात ऊर्फ टाक. एक माहेरचं, एक सासरचं." वारसनोंदींत अशा बायका मी ढिगानं पाहिल्या होत्या.

"आई, आमच्याकडे लग्नात आडनाव बदलते. नाव नाई बदलत," ती म्हणाली. तिचं मराठी माझ्या मुलाकडून आलेलं, म्हणजे अस्सल नागपुरी.

मी चांगलीच तोंडघशी पडले. पण दोन नावं दिसल्यावर सोडून देईन तर मी कसली! "मंग बाया दोन असतील. दफनाचं रजिस्टर काढ."

काढलं. तिसऱ्या बाळंतपणानंतर आठवड्यातच पहिली गेली होती. मला फार वाईट वाटलं. सून दोन महिने तिचेच आईवडील धुंडाळत होती, आणि खरी खापरपणजी होती दुसरी. संध्याकाळपर्यंत तिचे आईवडील सापडले, शेजारच्याच गावचे. सुनेनं मला मिठी मारली, मधे पोट होतं तरी.

मग तिनं विचारलं, "आई, तुमचं नाव बी बदललं?"

बदललं होतं. ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं नाव मी छत्तीस वर्षं वापरतेय. माहेरच्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. ते नाव मी तिला एकेक अक्षर करून सांगितलं. तिनं ते बाळाच्या आजीच्या, म्हणजे माझ्या, चौकटीत टाइप केलं, सासरच्या नावाच्या आधी.

इतक्यात आमचे हे चहाचा कप घेऊन आले आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढून वाचू लागले. "हे कोण वं?"

मी म्हटलं, "तुम्ही पाहाले आले होते नं, थेच पोरगी."