चिठ्ठ्या काढलेली रिळं

आमची थोरली लेक शाळेत विज्ञान शिकवते. मी चौथी शिकलेला शिंपी; तिचं पुस्तक सुलटं धरलं काय नि उलटं धरलं काय, मला सारखंच. पण तिचा एक तास मी वर्गात उभा राहून पाहिलाय. पाहिला कसला, त्या तासाचं पुस्तक मीच होतो.

झालं असं, सातवीत एक नवी मुलगी आली. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं 'खडू'. कोणीतरी घरून ऐकून आलं, की हे कोड आहे, लागतं. मग तिच्या बाकावर कोणी बसेना. महिन्याभरात तिची आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली.

लेक म्हणाली, "ताई, सोमवारी या. मग मी अडवणार नाही."

त्या मुलीला विचारून तिने बेत ठरवला आणि घरी येऊन मला हुकूम सोडला, "बाबा, शनिवारी रिळं घेऊन वर्गात यायचं. आईच्या चिठ्ठ्या काढून."

आता चिठ्ठ्यांचं सांगायला हवं. मला तांबडं-हिरवं जन्मापासून ओळखू येत नाही. तरुणपणी एका हेडमास्तरांचा तपकिरी कोट मी हिरव्या दोऱ्याने शिवला. तेव्हापासून माझी बायको प्रत्येक रिळावर रंगाचं नाव चिकटवते. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना पत्ता नाही.

"अगं, झाकली मूठ आहे ती," मी म्हणालो.

"तुम्ही उघडलीत तर ती पोरगी टिकेल, बाबा."

लेकीपुढे कोणाचं चाललंय?

शनिवारी तिने टेबलावर रिळं ओतली. "हिरवी वेगळी काढा." मी काढली. वर्ग फिदीफिदी हसला. "आजोबा, ते तांबडंय हो!"

लेकीने पोटभर हसू दिलं. मग म्हणाली, "मी यांच्या ताटाला ताट लावून वीस वर्षं जेवले. मला लागलं का?"

पोरांनी माना हलवल्या, नाही.

"शरीर कसं घडायचं, याच्या सूचना आईकडून आणि वडिलांकडून येतात. एखादी वेगळी निघते. बाबांची माझ्यातून माझ्या मुलात गेली. मला मात्र सगळे रंग दिसतात. हिच्यात रंग तयार करायची सूचना वेगळी आहे. हे कोड नाही. आणि कोडही लागत नसतं."

'खडू' नाव ठेवणाराच उठला. "बाई, तिला दिसतं का?"

"मला काय विचारतोस? ती बसलीय ना तिथे."

मुलगी उठली. "फळा नीट दिसत नाही. खिडकीचा उजेड खुपतो. रंग दिसतात." पुढे येऊन तिने एकेक रीळ नाकाशी धरलं. "आजोबा, तुम्ही पाच चुकलात."

"पाचच? सुधारलो म्हणायचं."

त्या वर्गात ती पहिल्यांदाच हसली, असं लेक म्हणते.

सोमवारी तिची आई आली, तेव्हा पोरांनी पुढचा बाक खिडकीपासून ओढून भिंतीला लावला होता आणि तिच्याशेजारी कोणी बसायचं, यावरून दोघींची जुंपली होती. मुलीचं आईकडे लक्षही नव्हतं.

"दाखला तयार आहे, ताई. देऊ?"

आई दारातच थांबली. "राहू द्या. उन्हाचा चष्मा कुठला घ्यायचा, तेवढं सांगा."

हल्ली मी मापं घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगतो, रिळांसकट. कपडे उशिरा मिळतात, पण अजून कोणी कुरकुरलेलं नाही.