आधी डिस्क, मग रेडिओ

अहेरीतल्या आमच्या लहानशा रेडिओ केंद्रात लाईट गेली की सर्व्हर बंद पडायचा आणि लाईट आली की मी धावत जायची. रेडिओचा प्रोग्राम मशीनसोबत आपोआप सुरू व्हायचा, पण गावोगावची गोंडी रेकॉर्डिंग जिच्यात होती ती डिस्क जोडली जायला वेळ लागायचा. प्रोग्रामला फोल्डर रिकामं दिसायचं आणि तो गप्प बसायचा. मग मी आधी डिस्क जोडायची, नंतर प्रोग्राम सुरू करायची. माझ्यावाचून रेडिओ बोलत नाही, याचा मला माजही होता. मूर्खपणा नुसता.

नागपूरच्या इंजिनिअरने तिकडूनच उपाय केला: प्रोग्रामने दोन मिनिटं थांबून सुरू व्हायचं. पण लाईट अशी गेली की मशीन जोडण्याआधी डिस्क तपासायचं; ती तपासणी लांबली की दोनाची पाच मिनिटं व्हायची आणि पुन्हा शांतता. शेवटी ठरलं, सर्व्हर नागपूरला न्यायचा, कार्यक्रमही तिकडूनच सोडायचे.

"इथली लाईट अशी. इथी हे टिकत नाई," केंद्राचे प्रमुख म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. आमच्या माणसांचे आवाज कोणाच्या तरी टेबलाखाली धूळ खात पडणार होते. का, तर मशीन उठल्यावर कोणी कोणासाठी थांबायचं हे त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं!

गाडी दारात आली त्या दिवशी मी सर्व्हरसमोर खुर्ची टाकून बसले आणि प्रमुखांना म्हणाले,

"भाऊ, पासवर्ड द्या."

"बिघडलं तं?"

"तुम्ही तं नेऊनच राह्यले. आणखी काय बिघडन?"

तोवर मला फक्त चालू करायची मुभा होती, बदलायची नाही. त्यांनी कुरकुरत पासवर्ड दिला. मी ती दोन मिनिटं खोडली आणि एकच ओळ लिहिली: डिस्क जोडली गेल्याशिवाय प्रोग्रामने सुरू व्हायचं नाही, मग कितीही वेळ लागो. नंतर सगळ्यांदेखत मेन स्विच पाडला. प्रमुख ओरडले. मी स्विच वर केला आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

पाच मिनिटं गेली, सहा गेली. ड्रायव्हरने डोकावून विचारलं, "खोका आणू का?" मग स्पीकरमधून एक म्हातारी मोहफुलं कशी वाळवायची ते गोंडीत सांगू लागली. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला.

"पुढं बंद पडलं तं?" प्रमुखांनी विचारलं.

"तं इथीच दुरुस्त करू," मी म्हणाले आणि ड्रायव्हरकडे वळले. "भाऊ, गाडी रिकामीच न्या."